काबरी खुडूक झाली

आमची काबरी कोंबडी तीन दिवस जागची हलली नाही, तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. दाणे टाकले तरी येत नाही, हात नेला की अंग फुगवून दुप्पट होते, घशातून कुर्रर्र करते, पोटाखालची पिसं गळालीत, तुरा फिका पडलाय. सगळी लक्षणं वहीत लिहून ठेवली होती, ती वाचून दाखवली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, घरात कुणी म्हातारं माणूस आहे का?"

होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, पाच फुटांवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. "आजारी न्हाय ती," त्या शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या. "खुडूक झालीया. तीन दिस बघतीया मी, तुला कवा कळतंय ते."

आत्यांची शिकवायची हीच पद्धत. आधी चुकू द्यायचं, मग सांगायचं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. हडपसरला अकरा वर्षं काढून २०२० मध्ये आम्ही गावी आलो ते परत गेलो नाही. नवरा कराडला कामाला जातो, मी घर, भात आणि परडं बघते. परड्यात तेव्हा आत्यांच्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा होता. काबरी, राखी, तांबडी आणि बोडक्या मानेची एक, जिला नाव द्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. कोंबड्या या घरात नेहमीच होत्या, पण त्यांच्याकडे कुणी 'करायची गोष्ट' म्हणून बघत नव्हतं. शहरातून आलेली मीच वही घेऊन त्यांच्या मागे लागले.

खुडूक म्हणजे काय ते नंतर वाचून कळलं. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक चढतं. बाळंतिणीला दूध येतं ते ज्याच्यामुळे, तेच हे. अंडी देणं बंद होतं आणि तिला एकच कळतं, बसायचं. खाली अंडी असोत नसोत, दगड असला तरी बसते. वर्षाला गावठी कोंबडी जेमतेम पन्नास-साठ अंडी देते त्याचं हे मोठं कारण, कारण वर्षातले कितीतरी महिने ती बसण्यात आणि पिल्लं फिरवण्यात घालवते. अंड्यांच्या पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांमधून ही खोड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ काढूनच टाकली आहे.

त्या पहिल्या वेळी काबरी गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीत बसली होती, सात अंड्यांवर. आत्या दुसऱ्याच दिवशी नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या. मला वाटलं, बसलीच आहे तर सातच कशाला? मग रोज राखीचं, तांबडीचं अंडं आणून मी तिच्या खाली सरकवत गेले. शिवाय बाकीच्यांनाही ती जागा आवडायची. काबरी दिवसातून एकदा खाली उतरली की कुणीतरी तिथे जाऊन घालून यायचं. पंधरा अंडी झाली आणि मी खूश.

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. बाविसाव्याला संध्याकाळी काबरी त्यांना घेऊन गव्हाणीतून उतरली आणि परत चढलीच नाही. तिचा हिशेब बरोबर होता. चालतीबोलती पिल्लं बाहेर आहेत, तर ती अंड्यांपाशी कशाला थांबेल? नऊ अंडी मागे राहिली, कुठलं पंधरा दिवसांचं, कुठलं अठरा. दोन-तीन तर कानाला लावली की आतून चिव् ऐकू यायचं. मी ती खोक्यात घालून वर साठचा बल्ब लावला, रात्री दोनदा उठून फिरवली. एकही निघालं नाही. चौथ्या दिवशी वास सुटला, तेव्हा लिंबाखाली खड्डा करून पुरली. त्या चिवचिवीची आठवण मला अजून नको वाटते.

आत्या आल्यावर एवढंच म्हणाल्या, "कोळशानं खुणा का न्हाय केल्यास?"

खूण करायची असते. बसवायची ती सगळी अंडी एका वेळी, एका रात्रीत घालायची, प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढायची, आणि नंतर बिनरेघेचं दिसलं की त्याच दिवशी काढून घ्यायचं.

पुढच्या दिवाळीनंतर काबरी परत कुर्रर्र करायला लागली, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून बसवली. ते सगळं मला नीट आठवतं, कारण प्रत्येक गोष्टीला 'का' विचारून मी आत्यांना वैतागवलं होतं. अंडी आठ दिवसांच्या आतलीच घ्यायची. ती तांदळाच्या डब्यात टोक खाली करून ठेवायची, पुसायची-धुवायची नाहीत. फार मोठं नको, फार बारीक नको, वेडंवाकडं नको. फ्रीजमधलं तर नकोच. जुन्या पाटीत खाली बोटभर राख, वर निरगुडीचा पाला आणि त्यावर हाताने चुरगाळून मऊ केलेलं पिंजार. राख आणि निरगुडी उवांसाठी. उवा झाल्या की कोंबडी हैराण होऊन मध्येच उठते, आणि उठली की संपलं. पिंजाराला मधे हाताच्या मुठीने खळगा करायचा, म्हणजे अंडी मधोमध गोळा राहतात, कडेला जाऊन गार पडत नाहीत. पाटी माजघराच्या कोपऱ्यात, अंधारात, मांजराच्या वाटेला नाही अशी.

"किती घालायची?"

"तिच्या अंगाखाली मावत्याल तेवढी. तेरा बास."

"तेराच का?"

"चौदा घाल मग. मला काय."

तेरा घातली. रात्री, दिवा बारीक करून. दिवसा जागा बदलली तर कोंबडी जुन्या ठिकाणी पळते. रात्री तिला दिसत नाही, जिथे ठेवाल तिथे पहाटेपर्यंत तिचं मन बसतं. आत्यांनी पाटीत एक लोखंडी खिळा आणि दोन सुक्या मिरच्याही ठेवल्या. गडगडाट झाला तर अंडी नासतात, खिळ्याने नासत नाहीत, म्हणे. मी काही बोलले नाही. खिळ्याने बिघडत तर काही नव्हतं.

सातव्या दिवशी रात्री मी मोबाईलच्या बॅटरीवर अंडी तपासली. मूठ बंद करून वरच्या भोकावर अंडं धरायचं आणि खालून उजेड सोडायचा. आत्यांनी हे कधी बघितलं नव्हतं. पहिलंच अंडं लागलं आणि आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसलं, मधोमध एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. आत्यांनी चष्मा आणायला लावला. मग सगळी तेरा अंडी त्यांनीच एकेक करून बघितली, काही दोनदा. काबरी तोवर आत्यांच्या मनगटावर चोच मारून मारून दमली. दोन अंडी स्वच्छ होती, नुसता पिवळट उजेड, म्हणजे कोरी. एकात लाल कडं दिसलं, म्हणजे धरलं होतं पण लवकर मेलं. तिन्ही काढली. दहा राहिली.

त्या दहांवर काबरी ज्या तऱ्हेने बसली ते रोज बघण्यासारखं होतं. चोचीने अंडं स्वतःकडे ओढून फिरवायची, कडेचं मधे आणि मधलं कडेला. दिवसातून एकदा, बहुतेक सकाळी दहाच्या सुमाराला, पाटीतून उडी मारून बाहेर यायची, एक भलामोठा घाण वासाचा हगराळा टाकायची, धावत पाणी प्यायची, दाणे गिळायची, राखेत लोळायची आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. त्या पंधरा मिनिटांत कुणी आडवं आलं तर कुत्र्यावरही धावायची. चौदाव्या की पंधराव्या रात्री भूकंपाचा धक्का बसला. आमच्या भागात छोटे धक्के अधूनमधून बसतातच. फडताळातली भांडी वाजली, मी मुलीला उचलून अंगणात पळाले. १९६७ चा मोठा भूकंप आत्यांनी लहानपणी सोसलाय, त्या असल्या धक्क्याला अंथरुणातून उठतही नाहीत. परत आत येऊन मी बॅटरी मारली. काबरी डोळे मिटून बसली होती. घरात फक्त या दोघी हलल्या नव्हत्या.

विसाव्या दिवशी अंड्यांतून आवाज सुरू झाला आणि काबरीचाही आवाज बदलला. इतके दिवस मुकी होती, आता बारीक क्लुक् क्लुक् करून आतल्यांना उत्तर द्यायला लागली. पहिल्या अंड्याला दुपारी टवका उडाला. तिथून पिल्लू पूर्ण बाहेर यायला रात्र गेली. हे सावकाशच होतं. आतल्या बलकाचं आणि रक्ताचं पिल्लाच्या पोटात जाणं चालू असतं. मला ते वाचून माहीत होतं. तरी एका अंड्याला सकाळी पडलेलं भोक संध्याकाळपर्यंत तेवढंच दिसलं, तेव्हा मला राहवलं नाही. नखाने कवच सोललं. पातळ पापुद्रा फाटला आणि रक्त आलं. पिल्लू निघालं, पण बेंबी ओली राहिली, पाय पसरट. तिसऱ्या दिवशी मेलं.

नऊ निघाली होती, एक कवचातच राहिलं होतं. माझ्या हातचं जाऊन आठ राहिली.

पहिला दिवसभर त्यांना काही खायला द्यायचं नाही, पोटात बलक असतो. हे मला अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी तांदळाची बारीक कणी वर्तमानपत्रावर पसरली आणि काबरीने शिकवणी सुरू केली. एक कण उचलायचा, खाली टाकायचा, टुक् टुक् टुक्, परत उचलायचा. स्वतः गिळायची नाही. तीन-चार वेळा झालं की पिल्लं तिच्या चोचीतूनच हिसकायला लागली. वाळवीचं ढेकूळ आणून फोडलं तेव्हा तर तिने एवढा गलबला केला की तांबडीही धावत आली आणि मार खाऊन गेली. विकत आणलेल्या पिल्लांना हे सगळं माणसाला शिकवावं लागतं, चोच धरून पाण्यात बुडवावी लागते. शिवाय ऊब, बल्ब, लाईट गेली की धावपळ. कोंबडी असली की या कशाचीच काळजी नाही. रात्री पिसांखालून एखादं डोकं बाहेर येतं, इकडेतिकडे बघतं आणि परत आत जातं.

आठातलं एक पाण्याच्या ताटलीत बुडून मेलं. बोटभर पाणी होतं फक्त. तेव्हापासून ताटलीत खडे भरते, म्हणजे चोच जाते, पिल्लू जात नाही. दोन घारीने नेली. काबरीने एकदा तर घारीवर चक्क झेप घेतली होती, दोन पिसं खाली पडली, कुणाची ते कळलं नाही. पण परड्यात आडोसाच नव्हता. मी पुढच्या पावसाळ्यात कुंपणाच्या आतून तुरीची आणि एरंडाची रांग लावली. घारीला झाडोऱ्यातून उतरता येत नाही आणि पिल्लांना सावली मिळते. पहिले पंधरा दिवस मात्र डालग्याखालीच ठेवायची. आई आणि पिल्लं डालग्यात, वरून दगड, कारण मुंगूस डालगं उलटवतं.

तेरा अंडी घातली, दोन महिन्यांनी पाच पिल्लं हाती लागली. तीन कोंबडे, दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. मला हे अपयश वाटलं होतं. आत्या म्हणाल्या, पाच म्हणजे चांगलीच हायेत.

खरी खोट बसली ती २०२२ च्या उन्हाळ्यात. लहानमोठी एकोणीस झाली होती. आठवडी बाजारातून कुणीतरी एक कोंबडा आणला, चार दिवसांत तो मेला आणि आठवड्यात आमच्या आळीत मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, शिरली. हिरवी हगवण, उघडी चोच, आणि मग मान मागे पिळवटून जाते, चालता चालता कोंबडी गोल फिरते. औषध नाही. दहा दिवसांत चौदा गेली. काबरी वाचली, राखी वाचली, आणखी तीन. लसीचं मला माहीत होतं. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं, पण बाटली शंभर डोसांची येते आणि माझ्याकडे शंभर कोंबड्या नाहीत म्हणून मी टाळलं होतं.

आता आळीतली आठ घरं मिळून लस आणतो. दवाखान्यातून आणायची ती बर्फ घातलेल्या थर्मासात, आणि एकदा कालवली की तास-दीड तासात संपवायची, नाहीतर नुसतं पाणी. म्हणून सगळ्यांच्या कोंबड्या आदल्या रात्रीच डालग्याखाली कोंडायला सांगायच्या. सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा या मानमोडीच्या लशीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात परत एक, आणि दोन महिन्यांची झाली की पंखाखाली त्याच रोगाच्या आर टू बी लशीची सुई. त्याच सुमाराला कोंबड्यांच्या देवीची लस. मी धरते, शेजारच्या आक्का टोचतात. पहिल्या वर्षी अर्ध्या घरांना वाटलं सुईने कोंबड्या अंड्यावरून जातील. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या आळीत मर झाली आणि आमच्या आळीत झाली नाही, तेव्हापासून मला फोन करावे लागत नाहीत.

मानमोडीनंतर कळप पटकन भरायला म्हणून मी गिरिराजची एक दिवसाची पिल्लं आणली, पंचवीस. बंगळुरूला तयार झालेली ही जात, परड्यासाठीच. काबरी आणि राखी दोघीही तेव्हा खुडूक होत्या. पंधरा दिवस त्यांना चार-चार कोऱ्या अंड्यांवर बसवून ठेवलं, आणि पिल्लं आणली त्या रात्री अंडी काढून एकेक पिल्लू पिसांत सरकवलं. काबरीने पहाटे डोकं वाकवून खाली बघितलं, क्लुक् केलं आणि झालं, बारा पिल्लांची आई. राखीने उजाडल्यावर पहिलं पिल्लू बाहेर आलं तसं त्याच्या डोक्यात चोच मारली. दुसऱ्याच्याही. उरलेली मी उचलून काबरीच्या डालग्यात टाकली. एवढ्यांना ती पुरणार नाही हे दिसत होतं, तरी पंख अर्धे उघडून ती आठवडाभर तशीच झोपायची, बाजूला बल्ब होता म्हणून निभावलं. गिरिराज वाढले धबाधबा. अंडीही गावठीच्या दुपटीहून जास्त. पण त्यातली एकही आजवर खुडूक झालेली नाही, आणि कुत्रं आलं तर झाडावर उडताही येत नाही. आत्या त्यांना 'पाव्हण्या' म्हणतात.

या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वात उशिरा समजली ती वेळ. कोंबडी खुडूक केव्हाही होते. बसवायची केव्हा, हे आत्यांच्या डोक्यात पक्कं आहे आणि ते हवामानाएवढंच लोकांच्या ताटावर बेतलेलं आहे. कोंबड्याला भाव येतो आखाडात. श्रावण लागायच्या आधी सगळ्यांना खाऊन घ्यायचं असतं, साडेतीनशेचा कोंबडा तेव्हा सहाशेला जातो. गावठी कोंबडा भरायला सात-आठ महिने लागतात. म्हणजे पिल्लू कार्तिकात, मार्गशीर्षात निघायला हवं. पाऊस गेलेला, भात निघालेलं, खळ्यावर दाणे सांडलेले. श्रावणात उलटं होतं. अंडी कुणी घेत नाही, डब्यात साठत जातात, वाटतं घालावीत कोंबडीखाली. मी एकदा घातली. आमच्याकडचा भाद्रपदातला पाऊस आणि ओलं पिंजार, रक्ती हगवणीने अकरातली आठ पिल्लं दोन आठवड्यांत गेली. चैत्र-वैशाखातली अंडी उन्हाने आधीच अर्धवट बिघडलेली असतात. चार दिवसांपलीकडचं घालूच नये. मी घातली होती, बारातून तीन निघाली.

म्हणून वर्षातल्या निम्म्या खुडूक कोंबड्यांना नाही म्हणावं लागतं. इथे आत्यांचं आणि माझं पटत नाही. त्यांची रीत म्हणजे कोंबडीला बादलीत बुडवायची, किंवा तिच्याच पंखातलं पीस नाकपुडीतून आरपार घालायचं, म्हणजे ती बेजार होऊन बसणं विसरते. पीस मी घालू देत नाही. मी तारेचा एक पिंजरा विटांवर उचलून ठेवलाय. पिंजार नाही, अंधार नाही, पोटाला खालून वारा. दाणापाणी आत. तीन-चार दिवसांत उतरते, पंधरवड्यात परत अंड्यावर येते. आत्या म्हणतात, पीस दोन दिवसांत काम करतं.

काबरी गेल्या वर्षी म्हातारी होऊन गेली. राखी अजून आहे, तिच्यावर माझा विश्वास नाही. काबरीची एक लेक, तशीच ठिपक्यांची पण पाय पिवळे, परवा माजघरात त्याच कोपऱ्यात जाऊन बसली आणि हात नेला तसा कुर्रर्र आवाज आला. काल रात्री आत्यांनी पाटी भरली. राख, निरगुडी, पिंजार, खिळा, मिरच्या. तेरा अंडी, तेरा रेघा. सकाळी कॅलेंडरवर एकविसावा दिवस मोजला तर त्याच दिवशी कराडला माझ्या मावसबहिणीचं लग्न. मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "तू जा. मी थांबते. आन् जाताना त्या मोबाईलची बॅटरी कशी लावायची ते दावून जा."